कळतंय, पण दुखत नाहीये

"डॉक्टर, मला कळतंय हो!"

ऑपरेशन थिएटरमध्ये पेशंटच्या उशाशी बसून हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय त्याची गणती नाही. कमरेखाली भूल दिलेली असते, मध्ये पडदा लावलेला असतो, पलीकडे सर्जनने काम सुरू केलेलं असतं आणि पेशंटचे डोळे एकदम मोठे होतात, कारण त्याला वाटतं की भूल लागलीच नाही आणि आता सगळं असंच जाणवत राहणार. मी भूलतज्ज्ञ आहे, बरीच वर्षं हेच काम करतेय, आणि मी ठरलेलं उत्तर द्यायचे की स्पर्श कळेल पण दुखणार नाही, घाबरू नका. मागच्या वर्षी माझाच घोटा मोडला, प्लेट बसवावी लागली, आणि मी स्पायनल, म्हणजे पाठीत सुई घालून द्यायची हीच कमरेखालची भूल, घेऊन त्याच टेबलावर आडवी झाले. तेव्हा समजलं की ते उत्तर बरोबर असलं तरी फार अपुरं आहे, नेमकं काय जाणवणार आणि ते का जाणवणार हे आधी सांगितलं तर माणूस निम्मा घाबरतच नाही. म्हणून हे लिहायला बसलेय, जरा लांबेल पण सावकाश वाचा.

आधी जागा कुठली ते. मणक्यांच्या आतून मज्जारज्जू जातो हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळ्यांची भीती तिथेच असते, की सुई त्यात घुसली तर? पण मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या आसपास संपतो, त्याच्या खाली फक्त नसांचा एक जुडगा लोंबत असतो, घोड्याच्या शेपटीसारखा दिसतो म्हणून त्याला नावही तेच दिलंय. आम्ही सुई घालतो ती तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मधल्या फटीत, म्हणजे मज्जारज्जूच्या खाली. तिथल्या नसा पाण्यात सोडलेल्या दोऱ्यांसारख्या असतात, सुई आली की बहुतेक वेळा बाजूला सरकतात. जागा शोधायची पद्धत पण साधीच आहे, कमरेच्या दोन्ही बाजूंची हाडं हाताने चाचपायची, त्यांच्यामधून एक आडवी रेघ मनात ओढायची, ती साधारण चौथ्या मणक्यावरून जाते. जाड माणसात हे चाचपणं अवघड होतं, मग अल्ट्रासाउंड लावून बघता येतं.

आता सुई बाहेरून आत कशाकशातून जाते ते सांगते, कारण स्पायनल आणि एपिड्युरल या पाठीतून द्यायच्या दोन भुलींतला फरक सगळा इथेच आहे. कातडी, खालची चरबी, मग दोन मणक्यांना जोडणारी लिगामेंट्स, त्यातलं शेवटचं पिवळसर आणि चिवट. त्याच्या पलीकडे एक अरुंद पोकळी, तिच्यात चरबी, बारीक शिरा आणि बाहेर पडणाऱ्या नसा. ही झाली एपिड्युरल जागा, कमरेत तिची जाडी जेमतेम ५-६ मिलिमीटर. तिच्या पलीकडे ड्युरा नावाचं आवरण, त्याला आतून चिकटलेला अजून एक पातळ पापुद्रा, आणि त्याच्या आत पाणी, म्हणजे सीएसएफ, ज्यात मेंदू आणि मज्जारज्जू दोन्ही बुडालेले असतात. आवरणाच्या आत पाण्यात औषध सोडलं की स्पायनल, आवरणाच्या बाहेर थांबून सोडलं की एपिड्युरल. एवढंच अंतर. पण त्या काही मिलिमीटरमुळे औषधाचा डोस, लागणारा वेळ, सुई, सगळंच बदलतं.

स्पायनलला आम्ही बसवून पाठ बाहेर काढायला सांगतो, हनुवटी छातीला लावा, खांदे सैल सोडा, उशी कवटाळा. पाठीचा असा बाक आला की मणक्यांमधल्या फटी उघडतात. मोडका घोटा घेऊन तसं बसणं किती जड जातं ते मला आता माहितीय, आणि कळा येत असताना एखादी बाई तसं बसते तेव्हा ती आमच्यासाठी केवढं करत असते तेही. पाठ जंतुनाशकाने पुसतात, ते थंडगार लागतं आणि वाळेपर्यंत थांबावं लागतं, त्यात घाई करायची नसते. मग कातडी बधिर करायचं छोटं इंजेक्शन, मुंगी कडकडून चावल्यासारखं, खरं दुखणं असतं ते एवढंच. नंतरची सुई फार बारीक असते, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, २५ ते २७ गेजची (गेजचा आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक), आणि ती जाताना दाब कळतो, खुपणं फारसं कळत नाही. मध्येच पायात वीज चमकल्यासारखी सणक गेली तर हलायचं नाही पण लगेच सांगायचं, "उजव्या पायात सणक आली" असं बाजूसकट, म्हणजे सुई नसेला लागतेय हे आम्हाला समजतं आणि आम्ही थांबून दिशा बदलतो. आवरण छेदलं की हाताला बारीकसा टक् लागतो, सुईच्या मागून स्वच्छ पाण्याचा थेंब येतो. इतकी वर्षं झाली तरी तो थेंब दिसला की मला बरं वाटतं.

औषध बहुतेक वेळा बुपिव्हकेन, ०.५ टक्क्याचं, दोन-तीन मिली. अर्धा चमचा औषधावर अर्धं शरीर सुन्न होतं, कारण ते थेट पाण्यात जातं आणि नसा त्यात उघड्या असतात. नसेतून निरोप जातो तो सोडियमचे कण आत शिरण्याने, नसेच्या आवरणातली छोटी दारं एकामागून एक उघडत जातात आणि निरोप पुढे सरकतो. बुपिव्हकेन ही दारं बंद करून ठेवतं. जखम होतेच, खालची नस ओरडतेही, पण तिचा आवाज मेंदूपर्यंत पोचत नाही. स्पायनलच्या औषधात बऱ्याचदा ग्लुकोज मिसळलेलं असतं, गोडीसाठी नव्हे तर वजनासाठी, त्यामुळे ते सीएसएफपेक्षा जड होतं आणि पाण्यात टाकलेल्या पाकासारखं तळाशी जातं. म्हणजे पेशंट बसूनच राहिला तर भूल बैठकीच्या भागात साठते, कुशीवर झोपला तर खालच्या बाजूला जास्त लागते, आडवा करून टेबल डोक्याकडे किंचित खाली केलं तर औषध वर सरकतं. ते टेबल वर-खाली करतात ना, ते उगाच नसतं, तेव्हा आम्ही भूल हवी तिथपर्यंत नेत असतो. मला या विषयातलं सगळ्यात सुंदर काही वाटत असेल तर हेच, औषध द्यायचं हाताने आणि पोचवायचं गुरुत्वाकर्षणाने.

आता मूळ मुद्दा. सगळ्या नसा एकदम बंद पडत नाहीत, आणि सारख्या बंद पडत नाहीत. सगळ्यात आधी जातात रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या बारीक नसा, म्हणून पाय पहिल्यांदा गरम होतात, ऊबदार काहीतरी पायातून उतरल्यासारखं वाटतं, ती भूल चालू झाल्याची पहिली खूण. मग थंड-गरम आणि दुखणं जातं. त्यानंतर स्पर्श, आणि साधारण शेवटी हालचाल. जाड नसांना औषध तेवढं सहज पुरत नाही, म्हणून दुखणं पूर्ण गेलेलं असतानाही कोणीतरी हात ठेवलाय, ओढतंय, दाबतंय, हे कळत राहू शकतं. सिझेरियनमध्ये बाळ बाहेर काढताना पोटावर जोर देतात तेव्हा तर छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतं. ते वाटणारच, भूल उत्तम लागलेली असली तरी वाटणार.

माझ्या बाबतीत जे झालं ते मात्र मला पुस्तकातून माहीत असूनही हादरवून गेलं. मला आडवं केलं, भूल चढली, आणि मला पक्कं वाटत होतं की माझे गुडघे अजून वाकलेले आहेत आणि पाय टेबलाच्या कडेवरून खाली लोंबतायत. मान उचलून बघितलं तर दोन्ही पाय समोर सरळ पडलेले! बघूनसुद्धा वाटणं जात नव्हतं. पाय कुठे आहे ही खबर पण नसांतूनच वर जाते, ती खबर थांबली की मेंदू जुन्याच खबरीवर चालत राहतो. कितीतरी पेशंट मला म्हणाले असतील की "माझे पाय वर का धरलेत?" आणि मी नुसतं "नाही हो, खालीच आहेत" म्हणून पुढच्या कामाला लागले असेन. आता मी हे भूल देतानाच सांगून टाकते.

त्याच रक्तवाहिन्या सैल पडल्यामुळे बीपी उतरतं. स्पायनलनंतरच्या पहिल्या दहा-पंधरा मिनिटात मळमळलं, घाम फुटला, डोळ्यापुढे अंधारी आली तर बहुतेक वेळा कारण हेच असतं आणि ते लगेच सुधारता येतं, शिरेतून औषध, सलाईन, गरोदर बाईला डाव्या कुशीकडे थोडं कलतं करणं, म्हणजे पोटाचा भार मोठ्या शिरेवर पडत नाही. म्हणून आम्ही सारखे मशीनकडे बघत असतो आणि बीपीचा पट्टा दर एक-दोन मिनिटांनी दंड आवळत असतो. थंडी वाजून थरथरायला होतं तेही खूप जणांना होतं. आणि भूल छातीपर्यंत चढली की "श्वास घेता येत नाहीये" असं वाटतं, कारण छाती हलतेय हेच जाणवत नाही, पण श्वासाचा मुख्य पडदा मानेतून येणाऱ्या नसांवर चालतो आणि तो चालू असतो. बोलता येतंय, हाताची मूठ घट्ट आवळता येतेय, म्हणजे ठीक आहे. हातात मुंग्या आल्या किंवा पकड सैल पडली तर मात्र तेव्हाच सांगायचं, भूल जास्त वर चाललीय.

एपिड्युरलचं काम वेगळं, आणि खरं सांगायचं तर जास्त नाजूक. इथे पाण्याचा थेंब यायची वाट बघायची नसते, उलट तो आला तर सुई एक पायरी पुढे गेली असा अर्थ. १६ ते १८ गेजची जाड सुई, टोकाशी वळवलेली, तिला मागे सलाईन भरलेली सिरिंज लावायची आणि दट्ट्या दाबत दाबत एकेक मिलिमीटर पुढे जायचं. चिवट लिगामेंटमध्ये असेपर्यंत दट्ट्या हलत नाही, ओल्या चामड्यात सुई घातल्यासारखं लागतं, आणि एका क्षणी सगळा अडथळा नाहीसा होतो आणि सलाईन सुळकन आत जातं. ती जागा, तिथेच थांबायचं. कातडीपासून हे अंतर बऱ्याच जणांत ४ ते ६ सेंटीमीटर असतं पण प्रत्येकाचं निराळं, बाहेरून दिसत काही नाही, सगळा भरवसा अंगठ्याला जे कळतं त्यावर. शिकताना मला हे जमायला सगळ्यात जास्त वेळ लागला. मग सुईतून एक बारीक मऊ नळी आत सरकवायची, तीन ते पाच सेंटीमीटर आत ठेवायची, आणि सुई काढून घ्यायची. सुई पाठीत राहत नाही बरं का, हे मी रोज सांगते कारण खूप जणींना वाटतं सुईवर झोपावं लागणार. पाठीत राहते ती नळी, दोऱ्यासारखी, तिच्यावर खुशाल झोपा.

मग आधी छोटा टेस्ट डोस, नळी चुकून शिरेत किंवा पाण्यात तर गेली नाही ना बघायला. तेव्हा कानात गुणगुण, तोंडात धातूसारखी चव, छातीत धडधड असं काही झालं तर सांगायचं. आवरणाबाहेरून औषध झिरपत नसांपर्यंत जायचं असतं म्हणून ते जास्त लागतं, दहा-वीस मिलीपर्यंत, आणि वेळही पंधरा-वीस मिनिटं, स्पायनलसारखं पाच मिनिटात नाही. पण नळी असल्यामुळे औषध तासन् तास, मोठ्या पोटाच्या किंवा छातीच्या ऑपरेशननंतर दोन-तीन दिवससुद्धा चालू ठेवता येतं, स्पायनल मात्र साधारण दीड ते तीन तासात उतरतं. आणि औषध पातळ करता येतं. बाळंतपणासाठी आता बुपिव्हकेन ०.१ टक्का किंवा त्याहून पातळ, सोबत थोडं फेंटानिल हे वेदनाशामक, म्हणजे कळांचं दुखणं जातं पण पाय हलतात, जोर लावता येतो. एपिड्युरल घेतलं तर सिझर होतंच हे ऐकून ऐकून मी थकलेय. अभ्यासांमधून सिझेरियनचं प्रमाण त्यामुळे वाढल्याचं दिसलेलं नाही, शेवटचा जोर लावायचा टप्पा थोडा लांबू शकतो, एवढं खरं. कधीकधी एकाच बाजूला लागतं किंवा मध्ये एखादा पट्टा सुटतो, मग नळी थोडी मागे घ्यायची, डोस वाढवायचा, नाहीच जमलं तर पुन्हा घालायची. एवढ्या कळा सोसत असताना पुन्हा बसायला सांगताना वाईट वाटतं, पण अर्धवट चालणारं एपिड्युरल तसंच ओढत नेण्यापेक्षा ते बरं.

डोकेदुखीबद्दल सगळेच विचारतात आणि तिचा इतिहास स्पायनल भुलीइतकाच जुना आहे. १८९८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या कील शहरात ऑगस्ट बियर या सर्जनने पाठीतल्या पाण्यात कोकेन सोडून पहिलं ऑपरेशन केलं, पेशंट होता एक मजूर आणि ऑपरेशन घोट्याच्या टीबीचं. माझाही घोटाच, त्यामुळे मला त्या मजुराची फार आठवण येत होती. काही दिवसांनी बियर आणि त्याचा सहायक हिल्डेब्रांट यांनी स्वतःवर प्रयोग केला. बियरच्या वेळी सिरिंज सुईला नीट बसेना, बरंच पाणी वाहून गेलं, भूल लागलीच नाही. मग बियरने हिल्डेब्रांटला दिली, ती लागली, आणि नडगीवर हातोडा मारून वगैरे तपासलं. हिल्डेब्रांटला रात्री उलट्या आणि डोकेदुखी, आणि बियर तर नऊ दिवस अंथरुणात, उभं राहिलं की डोकं ठणकायचं आणि आडवं झालं की थांबायचं. आजही ही डोकेदुखी ओळखायची खूण हीच. भोकातून पाणी झिरपत राहतं आणि मेंदूला मिळणारा पाण्याचा आधार कमी होतो. आता सुया फार बारीक झाल्या आणि टोकं पेन्सिलसारखी, ती आवरण कापत नाहीत, धागे बाजूला सारतात, त्यामुळे स्पायनलनंतर हे क्वचित होतं. एपिड्युरलच्या जाड सुईने चुकून आवरण फुटलं तर मात्र निम्म्याहून जास्त जणांचं डोकं दुखतं. असं चुकून होणं साधारण शंभरात एकदा.

इथे एक सांगायचंच आहे. स्पायनलनंतर २४ तास उशी द्यायची नाही, मान उचलू द्यायची नाही, हे अजून कितीतरी ठिकाणी चालतं आणि बाळंतीण बिचारी सपाट पडून बाळाला कुशीत घ्यायची धडपड करते. सपाट पडून राहिल्याने डोकेदुखी टळत नाही, हे केव्हाच दिसून आलंय. उशी द्या, प्लीज. आणि दुखलंच तर पाणी, कॉफी, साध्या वेदनाशामक गोळ्या, आणि तरीही थांबलं नाही तर पेशंटचंच वीसेक मिली रक्त एपिड्युरल जागेत सोडतात, ते गोठून भोक बुजवतं. घरी जाऊन अंगावर काढत बसू नका, भूल दिलेल्या डॉक्टरला कळवा.

कंबर कायमची दुखेल का? सुई गेली तिथे चार-आठ दिवस मुका मार लागल्यासारखं दुखतं. वर्षानुवर्षं दुखणाऱ्या कमरेचा आणि एपिड्युरलचा संबंध अभ्यासांत सापडत नाही, गरोदरपणात कमरेवर जो ताण आलेला असतो आणि नंतर बाळाला वाकून वाकून जे उचललं जातं त्याने बायकांची कंबर इंजेक्शनशिवायही दुखते. लुळेपणाची भीती मी हसण्यावारी नेत नाही, ती खरी भीती आहे. ब्रिटनमध्ये २००९ साली एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली, वर्षभरातली सात लाखांहून जास्त स्पायनल-एपिड्युरल मोजली, तेव्हा कायमची इजा लाखात दोन ते चार जणांना झाल्याचं निघालं. कोणी त्या दोन-चारांत येऊ नये म्हणूनच आम्ही आधी एवढं विचारत असतो, रक्त पातळ करायची गोळी किंवा इंजेक्शन चालू आहे का आणि शेवटचं कधी घेतलं, प्लेटलेट किती, पाठीवर फोड-जखम आहे का. रक्त पातळ असेल तर आत गाठ होऊन नसा दाबल्या जाऊ शकतात. म्हणून ती गोळी लपवू नका, छोटी वाटली तरी. आणि भूल उतरायच्या वेळेनंतरही पाय हलेना, किंवा उतरलेली भूल परत चढायला लागली, कमरेत जोरात दुखायला लागलं, लघवी अडली, तर तासभरही थांबायचं नाही, त्याच क्षणी सांगायचं.

आता ज्यासाठी हे सगळं मनात घोळत होतं ते. मी शिकत होते तेव्हा एका सिझेरियनला एक ताई म्हणत होती, "दुखतंय." तिला सगळे सांगत राहिले की दाब आहे, दुखत नाहीये. मीही सांगितलं. ती ओठ चावून गप्प झाली आणि आम्ही पुढे गेलो. नंतर भेटायला गेले तर ती म्हणाली, "मला दाबातला आणि दुखण्यातला फरक कळत होता." मी तिला माफी मागितली, पण ते वाक्य गेलं नाही. स्पर्श राहतो हे शास्त्र खरंय, पण तेच वाक्य एखाद्याचं तोंड बंद करायलाही वापरलं जातं, आणि तेव्हा मी ते वापरलं होतं.

म्हणून आता चीर द्यायच्या आधी मी थंड स्प्रे किंवा बर्फ आधी खांद्यावर लावते आणि मग खालून वर सरकत जाते, "इथे तेवढंच गार लागतंय का?" विचारत, दोन्ही बाजूंना. सिझरला ती सुन्न रेषा स्तनांपर्यंत यायला हवी, बेंबीपर्यंत येऊन भागत नाही. मग सांगते की ओढलं जाईल, दाबलं जाईल, भांडं विसळताना हलतं तसं पोट हलेल, पाय हवेत आहेत असं वाटेल. "पण टोचलं, कापल्यासारखं झालं, जळजळलं, तर 'दुखतंय' म्हणा. मी सर्जनला थांबवीन. शिरेतून औषध आहे, एपिड्युरल असेल तर नळीतून वाढवता येतं, आणि काहीच नाही जमलं तर पूर्ण झोपवीन."

घोट्याच्या ऑपरेशनला तासभर झाल्यावर मला रक्त थांबवायला मांडीवर आवळलेल्या पट्ट्याखाली ठणका लागायला सुरुवात झाली, भूल चांगली असूनही तो लागतो, मला ते माहीत होतं, आणि माहीत असूनही मी काही मिनिटं बोलले नाही. मग बोलले. उशाशी बसलेल्या माझ्या सहकाऱ्याने विचारलं, "कसं दुखतंय, कुठे?" आणि उत्तर येईपर्यंत औषधाची सिरिंज हातात घेतलेली होती.